पिवळी काच

विटोरिन शिक्लुना उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती, तेव्हा पुढच्या खोलीच्या खिडकीतून काचेचा एक तुकडा निखळला आणि सोफ्यावर येऊन पडला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मेलबर्नच्या हिवाळ्यातला दक्षिणेचा गार वारा सकाळपासून घरावर आदळत होता. खिडकीची लाकडी चौकट कुजून मऊ झाली होती, काचेभोवती भरलेली पुट्टी केव्हाच वाळून गळून गेली होती, आणि जुन्या तड्यापाशी तळहाताएवढा एक तिकोनी तुकडा सुटला, एवढंच. तिनं इस्त्री उभी करून ठेवली, तुकडा उचलायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच त्या भोकातून तिला समोरचं घर दिसलं. स्वच्छ दिसलं. पांढरी भिंत, भिंतीवरचा नळ, नळाला गुंडाळलेली हिरवी नळी, आणि लाल स्वेटर घातलेली एक बाई गाडी मागे घेत रस्त्यावर आली, थांबली, उतरली, धावत घरात गेली, हातात डबा घेऊन आली, गाडीत बसली, पुन्हा उतरली, पुन्हा आत गेली आणि या खेपेला चपला बदलून आली. दारातच ती स्वतःशी हसली. अगदी पोटातून. विटोरिनही हसली, आणि रिकाम्या घरात आपलंच हसू ऐकून दचकली.

चाळीस वर्षं ती या खोलीत बसत होती आणि चाळीस वर्षं समोरचं घर म्हणजे पिवळ्या धुक्यातला एक फिका डाग होता. त्या डागापुढे अधूनमधून हलणारा लाल ठिपका म्हणजे ही बाई. तशी ती तिला ओळखत होती. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना दोघी माना डोलवायच्या, नाताळात एकमेकींच्या पत्रपेटीत 'शेजारणीकडून' एवढंच लिहिलेलं कार्ड टाकायच्या. रस्त्यानं चालताना विटोरिन सगळ्यांना भेटे. पण रस्त्यानं चालणं वेगळं आणि घरात बसून रस्ता बघणं वेगळं, हे तिच्याइतकं त्या अख्ख्या सेंट ऑल्बन्स उपनगरात कुणाला कळत नव्हतं. माल्टातल्या तिच्या माहेरच्या घराला रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा होता, तिन्ही बाजूंनी काचांनी बंद केलेला, हिरव्या रंगाचा. आजी, आई, दोन आत्या आणि ती, पाचजणी त्यात गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. मासेवाला कुणाच्या दारात जास्त वेळ थांबला, पाद्रीबाबांचे बूट कुणी दुरुस्त केले, कुणाची सून सकाळीच माहेरी निघाली, सगळं तिथून कळे. नवऱ्याला, निनूला, तिनं पहिल्यांदा पाहिलं तेही तिथूनच. समोरच्या गल्लीत भिंत बांधत होता. वीट हातात झेलायची, एका बाजूला कालवलेला चुना फासायचा, बसवायची, करणीच्या दांड्यानं टक्क करून ठोकायची. तो वर बघत नव्हता, आणि वर बघत नाही म्हणजे आपण बघतोय हे त्याला पक्कं ठाऊक आहे, असं तिनं तेव्हाच ओळखलं होतं.

मग मेलबर्न. निनूनं हे घर रविवारी रविवारी स्वतःच्या हातानं बांधलं. आत लाकडाचा सांगाडा, बाहेरून एकपदरी विटा, मध्ये हवेची पोकळी. "विटा म्हणजे नुसता कोट गं," तो कौतुकानं सांगायचा. "थंडीवाऱ्यात अंगावर घालायचा. घर उभं राहतं ते आतल्या हाडांवर." मुलीच्या, डोरीनच्या, जन्माच्या वेळी ती इस्पितळात गेली तेव्हा घराला खिडक्या नव्हत्या, आणि बाळ घेऊन घरी आली तेव्हा होत्या. पुढच्या खोलीत ही पिवळी, खडबडीत, आरपार न दिसणारी काच. ती दारातच थबकली होती. "लोक आत बघतात," निनू म्हणाला. "इथले लोक तसे आहेत." तो थकून काळा पडला होता, हाताला जखमा होत्या, त्यामुळे ती काही बोलली नाही. आठवड्यानं सरकारी नर्स बाळाला तपासायला आली, आणि पाळण्यात डोकावून किंचाळलीच, "अहो, हिला कावीळ झाली आहे!" विटोरिनच्या हातातला कप पडला. नर्सनं बाळाला उचलून ओसरीवर नेलं, तर बाळ गुलाबी. आत आणलं, तर पिवळं. पुन्हा बाहेर. नर्स हसत सुटली. विटोरिन हसली नाही. आपल्या घरात आपण सगळेच आता कावीळ झालेले दिसणार, एवढंच तिच्या मनात आलं होतं. पुढे तिनं कितीदा म्हटलं, साधी काच लावू या. चौकट कुजायला लागल्यावर तर दर हिवाळ्यात म्हटलं. निनूचं उत्तर ठरलेलं. "त्या खिडकीला हात लावायचा नाही." म्हणताना त्याचा आवाज असा चढे की विषय तिथंच संपे. ती मनात म्हणे, संशयी आहे. बायको रस्त्याला दिसलेली चालत नाही. तरुणपणी त्याचा तिला राग येई, थोडं बरंही वाटे. पन्नाशी उलटल्यावर नुसता राग उरला.

आता निनू माल्टात होता. गावच्या संताचा उत्सव, भावाकडे दीड महिन्याचा मुक्काम. तिनं गुडघ्याचं निमित्त सांगून विमानात बसायचं टाळलं होतं. खरं म्हणजे तिला घर एकटीला हवं होतं. कशाला हवं होतं, हे सोफ्यावर गुडघे टेकून, भोकाला डोळा लावून बसल्यावर तिला कळलं. रस्त्यावरून पोस्टमनची पिवळ्या जाकिटातली मूर्ती गेली. एक म्हातारा कुत्र्याशी भांडत गेला. निलगिरीच्या झाडावर दोन पोपट एकमेकांना ढकलत होते. वारा थेट डोळ्यात येत होता, पाणी वाहत होतं, आणि तिची छाती सज्ज्यातल्या पोरीसारखी धडधडत होती. इस्त्रीचा वास आला तेव्हा ती उठली. आधी इस्त्री बंद केली आणि मग, विचार करायला सवड मिळायच्या आत, खिडक्यावाल्यांना फोन लावला.

मापं घ्यायला आलेला माणूस गुळगुळीत बोलणारा होता. कुठली काच हवी म्हणून त्यानं नमुने पसरले. खडबडीत, दुधी, करडी. "बाहेरून काही दिसू नये अशीही मिळते, मिसेस शिक्लुना. बरेच लोक तीच घेतात."

"दिसू दे की," ती म्हणाली. "दुहेरी काच द्या, थंडी नको. पण आरपार."

"पुढच्या खोलीलासुद्धा?"

"पुढच्या खोलीलाच तर!"

इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं आयुष्य काढलं होतं, त्यातले साठवलेले पैसे तिचे होते. पण सही नेहमीपेक्षा मोठी उमटली ती पैशामुळे नव्हे. निनूच्या घरात आपण पहिल्यांदाच काहीतरी आपल्या मनाचं करतोय, हे हाताला आधी कळलं असावं. तो माणूस गेल्यावर तिनं मोठ्यानं रेडिओ लावला आणि स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. गुडघा कळवळला, तरी तिसरी घेतली. मग खिडक्या बनून येईपर्यंतचे ते आठवडे! ती रात्री जागी राहून नव्या काचेतून काय काय दिसेल याची चित्रं रंगवी.  निनू फोन करी तेव्हा मागे बँडचा आवाज असे, फटाके असत, आणि तो आनंदानं ओरडत असे.

"काय चाललंय तिकडे?"

"काही नाही. थंडी आहे."

"पुढच्या खोलीत बसू नकोस. तिथं वारा येतो."

"हो ना," ती म्हणे, "फार वारा येतो," आणि फोन ठेवल्यावर उशीत तोंड खुपसून हसे. हसता हसता तिला वाटे, उद्या तो आल्यावर हेच आठवून रडायची वेळ येईल. तरी हसू थांबत नसे. आपल्याला इतका आनंद होतो आहे तो खिडकीचा, की त्याला फसवण्याचा? या प्रश्नाशी ती फार वेळ थांबली नाही. असा आनंद होऊन इतकी वर्षं झाली होती की त्याची झडती घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

काम करायला दोघे आले. ब्लागोय मॅसिडोनियाचा, पन्नाशीचा, तोंडाची टकळी न थांबणारा. फेतू सामोआचा, दारात मावत नव्हता एवढा मोठा, आणि सारखा गुणगुणणारा. झोपायच्या खोल्यांच्या खिडक्या सकाळी भराभर निघाल्या. विटोरिन कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून त्यांच्या मागे मागे फिरत होती.

"काकू, जरा बाजूला. खिडकी अंगावर घेऊन निघाल."

"काकू कुणाला म्हणतोस? तुझे केस माझ्याहून पांढरे आहेत."

"ते बायकोनं केले."

पुढच्या खोलीपाशी ते आले तेव्हा तिनं खोलीतलं सगळं आधीच भिंतीकडे सारून ठेवलं होतं. फेतूनं दोन्ही हातांनी चौकट धरली, ब्लागोयनं आतून खिळे कापले, चौकट करकरली, आणि पिवळी काच चौकटीसकट उचलली जाऊन बाहेर निघून गेली. खोलीत उजेड पडला. पांढरा, कोवळा, हिवाळ्यातला उजेड. सोफा हिरवा होता! तिनंच घेतला होता, हिरवा म्हणून घेतला होता, आणि विसरून गेली होती. भिंती मळक्या होत्या, डोरीनच्या लग्नाचा फोटो धुळीनं भरला होता, आणि तिचे स्वतःचे हात, सुरकुतलेले, पण पिवळे नव्हेत. तिनं ते उलटेपालटे करून पाहिले. वारा घरभर शिरला, आतली दारं आपटली, कॅलेंडरची पानं फडफडली. ती त्या मोठ्या भोकाशी गेली, विटांच्या कडेवर बसली, एक पाय बाहेर टाकला.

"अहो, अहो!" ब्लागोय ओरडला.

 फेतूनं बाहेरून हात पुढे केला, आणि चौसष्ट वर्षांची विटोरिन खिडकीतून उतरून आपल्याच बागेत उभी राहिली. समोरून लाल स्वेटरवाली रस्ता ओलांडून आली. तिचं नाव थुई, ती व्हिएतनामची, आणि दुपारच्या पाळीची नर्स होती, हे सगळं विटोरिनला त्या दिवशी कळलं. "चोरी झाली की काय म्हणून आले," थुई म्हणाली. मग तिनं गवतावर आडव्या पडलेल्या चौकटीकडे बघितलं. "ही काढलीत? मी ड्यूटीवरून परत येते ना, तेव्हा कोपऱ्यावर वळलं की तुमची खिडकी दिसायची. मधाच्या बरणीत दिवा ठेवल्यासारखी. मला वाटायचं, आलं घर."

विटोरिननं गवतावरच्या पिवळ्या काचेकडे पाहिलं. आपण आतून ज्या खिडकीचा राग राग केला तिची बाहेर कुणी वाट बघत होतं. क्षणभर आनंदात खडा लागला. "दिवा राहील," ती घाईनं म्हणाली. "दिवा मी लावतच जाईन. आणि आता मी पण दिसेन."

"मग हात करा," थुई म्हणाली.

तेवढ्यात ब्लागोयची बडबड थांबली. ती इतकी अचानक थांबली की दोघींनी वळून पाहिलं. तो खिडकीच्या वरच्या विटांकडे टक लावून बघत होता. मधल्या दोन विटा सुटून बोटभर खाली आल्या होत्या, आणि भुसभुशीत चुना त्याच्या खांद्यावर सांडत होता. "फेतू, टेकू आण," तो हळू आवाजात म्हणाला. "काकू, तुम्ही लांब व्हा." फेतूनं गाडीतून दोन लोखंडी टेकू आणि एक फळी आणली, दोघांनी ती विटांखाली घट्ट बसवली, मग ब्लागोयनं घाम पुसला. एवढ्या थंडीत त्याला घाम आला होता.

"इथं लोखंडच नाही," तो म्हणाला. "खिडकीवर एक लोखंडी पट्टी असते, वरच्या विटा तिच्यावर बसतात. इथं ती घातलीच नाही. हा सगळा भार एवढी वर्षं त्या कुजक्या चौकटीनं धरला होता. आणखी एखादा हिवाळा गेला असता ना, तर कुणीतरी सोफ्यावर बसलेलं असताना..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "कोण गाढव होता हो? कुणी बांधलं हे?"

विटोरिननं विटांकडे पाहिलं. एकसारख्या ओळी, दोरी धरून काढलेल्या. माल्टातून आलेल्या कुणाच्याही घराची भिंत बघायची असेल तर लोक निनूला घेऊन जात. ओळंबा न लावता तो नजरेनं सांगे, किती कलली आहे. 

"काय माहीत," ती म्हणाली. "आम्ही घेतलं तेव्हा असंच होतं."

ब्लागोयनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी लोखंड आलं, विटा काढून पुन्हा लागल्या, आणि संध्याकाळच्या आत नवी खिडकी बसली. कडी फिरवून तिनं ती लावली तेव्हा वाऱ्याचा आवाज एकदम बंद झाला, आणि रस्ता मात्र तसाच समोर राहिला. ती जेवायचं विसरली.

निनू यायच्या दिवशी ती सकाळपासून खिडकीत खुर्ची टाकून बसली होती. उठावं, स्वयंपाकघरात जाऊन सूप ढवळत असल्यासारखं दाखवावं, असं सारखं वाटत होतं.  टॅक्सी आली. आजवर तो घरी आला की तिला आधी करडा डाग दिसे, मग किल्लीचा आवाज येई, आणि मग एकदम निनू, तयार, दारात, नवऱ्याचा चेहरा लावून. आज तिनं त्याला येताना पाहिलं. तो टॅक्सीतून पाय एकेक करून बाहेर काढत होता. कमरेवर हात ठेवूनही त्याला सरळ होता येईना. किती लहान झालाय, तिला वाटलं. उन्हानं रापलेला, नवी टोपी घातलेला, जरा हरवल्यासारखा एक म्हातारा माणूस. ड्रायव्हर बॅगा ठेवून गेला. मग निनूनं वर पाहिलं.

तो दाराकडे आलाच नाही. बॅगा फुटपाथवर सोडून सरळ खिडकीकडे आला. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर उभा राहून त्यानं मान वर करून विटांची ओळ पाहिली, हात वर करून नव्या चुन्यावरून बोट फिरवलं, मग वाकून खालून लोखंड पाहिलं. त्याचा चेहरा तिला इतका जवळून दिसत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. ओठ हलले. चेहरा पांढराफटक पडला. मग तो वळून दारानं आत आला.

"माझ्या मागे!" तो ओरडला. "माझ्या घराला! मी तिकडे मेणबत्त्या लावतोय आणि इकडे ही..."

"चौकट कुजली होती. काच अंगावर पडली."

"मी सांगितलं होतं हात लावायचा नाही म्हणून! किती वेळा सांगितलं होतं?"

"का लावायचा नाही?" ती म्हणाली. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "एकदा तरी खरं सांग, का?"

 तो टोपी काढून सोफ्यावर बसला, आणि बसल्यावर त्यानं सवयीनं वर, खिडकीच्या माथ्याकडे एक नजर टाकली. ती नजर तिनं हजार वेळा पाहिली होती. त्या खोलीत बसला की तो तसा वर बघायचाच. तिला वाटायचं, छत बघतो, पडदा बघतो.

"त्या शनिवारी लोखंड आलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "दुकानवाल्यानं सोमवारी देतो म्हटलं. तू रविवारी बाळाला घेऊन येणार. घराला ही एवढी भगदाडं, बाहेर गारठा. कोपऱ्यावरच्या इटालियन काचवाल्याकडे ही काच उरलेली पडली होती, ती आणली, चौकट ठोकली, वर विटा चढवल्या. म्हटलं, पुढच्या महिन्यात काढून नीट करू. मग काम लागलं. मग लाज वाटली. मग भीती." तो थांबला. "काढायला गेलो आणि कोसळलं तर? सगळ्यांना कळलं असतं. निनू शिक्लुनाची भिंत."

"म्हणून लोक आत बघतात म्हणालास?"

"काहीतरी म्हणायला पाहिजे ना."

विटोरिन खुर्चीत बसली. चाळीस वर्षं तिनं संशयी नवऱ्याशी संसार केला होता, आणि तो माणूस या घरात कधी राहतच नव्हता. त्याच्याशी केलेली मनातली भांडणं, त्याला ऐकवलेले टोमणे, त्या सगळ्याचं आता काय करायचं? राग यायला हवा होता. आला नाही असं नाही. पण रागाच्या वर काहीतरी चढत होतं, फुगत होतं, दुधासारखं.

"त्या खिडक्यावाल्यांनी विचारलं असेल," निनू म्हणाला. "कुणी बांधलं म्हणून."

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, आम्ही घेतलं तेव्हा असंच होतं."

त्यानं मान वर केली. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला, पांढऱ्या उजेडात, आणि मग उठून बॅगा आणायला गेला.

पुढचे काही दिवस तो पुढच्या खोलीत आला नाही. मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्यांशी खुडबुडत राहिला, जेवताना उत्सवाच्या गोष्टी सांगितल्या, खिडकीचं नाव काढलं नाही. तिनंही काढलं नाही. ती आपली सकाळची कामं उरकून खुर्चीत जाऊन बसे. थुई कामावर जाताना हात करी. पोपट येत. एकदा पोस्टमन अडखळून पडता पडता वाचला, तेव्हा तिनं काचेच्या आतूनच "अरे, जपून!" म्हटलं, आणि त्याला ऐकू न जाताही त्यानं वळून सलाम केला.

मग एका दुपारी निनू फुटपाथवर दिसला. ब्रेड आणायला गेला होता, ब्रेड काखेत होता. चालता चालता थांबला. वळला. घराकडे तोंड करून उभा राहिला. विटांकडे नाही, लोखंडाकडे नाही. तो तिच्याकडे बघत होता. विटोरिनचे हात मांडीवरच्या विणकामात थिजले. चेहऱ्यावर रक्त चढलेलं तिला स्वतःला जाणवलं, कानापर्यंत. नजर वळवावी की नाही, ते कळेना. तिनं वळवली नाही. तो दोन पावलं डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. एक गाडी मधून गेली. ती गेल्यावरही तो तिथंच होता.

किल्लीचा आवाज आला. तो दारात उभा राहिला, ब्रेड तसाच काखेत.

"बाहेरून सगळं दिसतं," तो म्हणाला. "तू, दिवा, मागचं कॅलेंडर. सगळं."

"मग?"

"मग काही नाही." त्यानं घसा खाकरला. "खुर्ची जरा अलीकडे घे. बाहेरच्या त्या बॉटलब्रशच्या झाडाची फांदी तुझ्या तोंडावर येते."

"मी नाही खुर्ची हलवणार," विटोरिन म्हणाली. तिला इतकं हसू येत होतं की शब्द नीट फुटेनात. "फांदी छाट."

तो क्षणभर घुटमळला, ब्रेड सोफ्यावर ठेवला, आणि करवत शोधायला बाहेर गेला.